'मेंदू गेला' म्हणण्यापूर्वी

(बी. ए. भाग २)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रोसेसरविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. पण माझे वडील चिखली तालुक्यातल्या एका बँड पथकात ट्रम्पेट वाजवतात आणि सुट्टीत मी चुलतभावाच्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्यामुळे ही विद्या मला थोडीफार लाभली, ती सोल्डरिंगच्या धुरातून.

तुळशीचे लग्न आटोपले, लग्नसराई तोंडावर आली आणि पथकाचा कीबोर्ड मुका झाला. दोन लग्नांचा इसार घेऊन झाला होता. शहरातल्या एका कारागिराने तो खोलून निकाल दिला, "याचा मेंदूच गेला भाऊ. आता नवीनच घ्या." नवीन घेणे पथकाला झेपणारे नव्हते. बाबांनी कीबोर्ड गोणपाटात गुंडाळून दादाच्या दुकानात आणला.

हा मेंदू म्हणजे काय, ते आधी पाहू. पेटीत भात्याची हवा सूर वाजवते. कीबोर्डची पट्टी मात्र आतले संपर्क जुळवते, एवढेच. कोणती पट्टी दाबली, हे प्रोसेसर नावाची चिप सगळ्या पट्ट्या पुन्हा पुन्हा चाळून ओळखते आणि त्याप्रमाणे सूर काढण्याचा हुकूम देते. या चिपला तीन गोष्टी लागतात: योग्य वीज (बहुधा 5 किंवा 3.3 व्होल्ट), क्रिस्टलने दिलेला ठेका आणि काम सुरू करण्याची परवानगी. ही परवानगी म्हणजेच रिसेट.

बटण दाबताच व्होल्टेज एकदम पूर्ण होत नाही, ते चढत जाते. अर्धवट विजेवर प्रोसेसर धावला तर भलतेच करून बसतो. म्हणून त्याची रिसेटची पिन क्षणभर शून्य व्होल्टजवळ धरून ठेवतात. साध्या रचनेत त्यासाठी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. बारीक धारेने रांजण भरावा तसा कपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो. 10 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरड असतील, तर 0.1 सेकंदात तो 63 टक्के भरतो. पिनवरचे व्होल्टेज पुरेसे चढले की प्रोसेसर कामाला लागतो.

काही कीबोर्डांत हे काम तीन पायांची छोटी चिप करते. वीज कमी पडली की ती प्रोसेसरला पुन्हा थांबवते. बँडच्या गाड्यावरचा जनरेटर अडखळला आणि कीबोर्ड आपोआप नव्याने सुरू झाला, तर तो बिघाडच असेल असे नाही. राखणदार आपले काम करीत असतो.

आता आमची गोष्ट. दादाने मीटर लावला. वीज बरोबर 5 व्होल्ट होती. मग रिसेटची पिन पाहिली. तिथे 5 व्होल्टच्या जवळपास असायला हवे होते, होते 0.6. रांजणाला भेग पडली होती! कपॅसिटर जुना होऊन गळू लागला होता; जेवढे भरे तेवढे वाहून जाई. प्रोसेसर धडधाकट होता, पण परवानगीची वाट पाहत बसला होता. काही रुपयांचा नवा कपॅसिटर बसवला आणि कीबोर्डवर दिवे लागले. बाबांनी एकच पट्टी दाबली आणि बराच वेळ दाबून धरली.

तेव्हा मित्रहो, क्रम ध्यानात ठेवा: आधी वीज, मग रिसेट, मग क्रिस्टल आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. क्रिस्टलचा ठेका साध्या मीटरवर खात्रीने कळत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. काही प्रोसेसरांची रिसेट पिन उलट चालीची असते. 8051 जातीच्या चिपमध्ये ती वर असताना काम थांबते. म्हणून चिपचा तक्ता पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कपॅसिटर बदलताना वीज तोडावी आणि धन-ऋण बाजू जुळवून घ्यावी.

दोन्ही लग्ने वाजली. त्या कारागिरावर माझा राग नाही. त्याने मेंदूकडे पाहिले, दाराकडे पाहायचे राहिले. 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' हा शेरा शाळेत मीही ऐकला आहे. म्हणून वाटते, कोणाचाही मेंदू गेला असे म्हणण्यापूर्वी, त्याला कोणी थांबवून तर ठेवले नाही ना, एवढे मोजून पाहावे.