वगळलेला धडा

शालेय पुस्तकावरची बंदी नेहमी जप्तीच्या रूपात येत नाही. ‘हा धडा शिकवू नका’ एवढी सूचनाही पुरते. जून २०२३ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने सहावी ते दहावीच्या कन्नड आणि समाजविज्ञानाच्या पुस्तकांत फेरबदल मंजूर केले. हेडगेवार-सावरकरांचे धडे गेले, सावित्रीबाई फुल्यांचा आला. पुस्तके आधीच छापून झाल्यामुळे वेगळी पुरवणी द्यायचे ठरले. कंग्राळीसारख्या सीमाभागातल्या गावांत मराठी माध्यमाची मुलेही राज्याचीच पुस्तके वापरतात. धड्यावर पेन्सिलीने काट मारली, तरी पान दप्तरात राहतेच. प्रश्नोत्तरे विसरली जातात, काट मात्र आठवत राहते. म्हणूनच धडा का आला आणि का गेला, हे मुलांना वर्गातच मोकळेपणाने सांगायला हवे.