झाडू बांधणारं कॉलेज

झाडू बांधायला घेण्याआधी तुरे भिजवावे लागतात. कोरडी काडी वाकवली की काडकन मोडते. जास्त भिजली तर फुगते आणि पुढे वाळताना आकसून तारेच्या वेढ्यांतून सैल होते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बेरिया गावी, कॉलेजच्या झाडूच्या कार्यशाळेत, विशीतली एक मुलगी हा ओलावा बोटांनी पारखत होती. ओंजळभर तुरे पाण्यातून काढून तिनं झटकले, एक काडी अंगठ्याभोवती वळवून पाहिली, मान हलवली आणि दांडा हातात घेतला.

हे तुरे ज्वारीचे. आपण भाकरीसाठी पेरतो त्याच ज्वारीचा हा एक प्रकार, दाण्याऐवजी तुऱ्यासाठी जोपासलेला. इथे त्याला ब्रूमकॉर्न म्हणतात. याचं कणीस गच्च भरत नाही. ताटाच्या शेंड्यातून हातभर लांब, सरळ, लवचीक काड्या फुटतात आणि त्यांच्या टोकांना बारीक दाणे लागतात. दाणे खरवडून काढले की उरतो तो झाडूचा माल. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन या शेतकऱ्यानं १७९७च्या सुमारास या काड्यांचे झाडू बांधून विकायला सुरुवात केली. त्यानंतर शेकर नावाच्या धर्मपंथाच्या लोकांनी गोल झाडू दाबून चपटा केला आणि शिवला. चपट्या झाडूची कड जमिनीला सगळीकडे सारखी टेकते, एका फटक्यात जास्त जागा साफ होते. जगभर आज दिसणारा लांब दांड्याचा चपटा झाडू त्या बदलातून आला. अमेरिकेत आता हे पीक फारसं कुणी घेत नाही. काड्या तोडणं, वाळवणं, निवडणं हे सगळं हातानं करावं लागतं, म्हणून बराचसा माल मेक्सिकोतून येतो.

कार्यशाळेत पाऊल टाकताच वास येतो तो ओल्या कडब्याचा. सोलापूर-बार्शीकडच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल. काही तुरे मूळच्या फिकट पिवळ्या रंगाचे, काही गरम पाण्याच्या टाक्यांत लाल, निळे, जांभळे रंगवून वाळत घातलेले. मध्ये बांधणीची यंत्रं. त्यांना मोटर नाही. पायानं दाबायचा पायटा आहे, तो दाबला की दांडा आपल्याभोवती फिरतो. तारेचं टोक दांड्यात अडकवून मुलीनं पायटा दाबला आणि पहिली मूठ तारेखाली सरकवली. दांडा फिरला, तार तुऱ्यांवर चढली. दुसरी मूठ, तिसरी मूठ. आधी आतला आखूड माल, मग दोन्ही बाजूंना खांदे भरण्यासाठी थोडा लांब, शेवटी सगळं झाकणारा निवडक, सरळ, सारख्या लांबीचा. प्रत्येक थर चढला की देठांची जादा टोकं ती धारदार सुरीनं तिरकी छाटत होती, म्हणजे मान जाड न होता निमुळती होत जाते.

मी पाहत होतो तिचा डावा हात. उजवा हात तुरे सरकवतो, पाय यंत्र फिरवतो, पण झाडू टिकणार की नाही हे डाव्या हाताकडे असतं, कारण तुऱ्यांची मूठ जागची न हलू देता तारेखाली दाबून धरायचं काम त्याचं. तार ढिली पडली तर वापरणाऱ्याच्या घरी वर्षभरात काड्या गळायला लागतात. अती ताणली तर ओली काडी चिरते. ती काम करताना बोलत नव्हती. प्रश्न विचारला तर पाय थांबवायची, उत्तर द्यायची आणि मग पुन्हा सुरू करायची.

बांधणीनंतर शिवण. गोल गुच्छ लाकडी शिकंज्यात दाबला की तो चपटा होतो. मग दोन्ही टोकांना अणी असलेली लांब दाभण, जाड दोरा आणि तळहाताला चामड्याची पट्टी. दाभण एका बाजूनं खुपसायची, दुसऱ्या बाजूनं ओढायची, आणि न वळवता तशीच परत पाठवायची. दोऱ्याचे टाके रांगेत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर पडायला हवेत. लहान शोभेच्या झाडूंच्या मानेवर याच देठांची वेणी घालतात. सगळ्यात शेवटी खालची कड एका कापणीत सरळ करतात. मी तिथे असताना शिकंज्यावर एक नवखा मुलगा होता. त्याची तिसरी रांग वाकडी गेली. शेजारच्या मुलीनं काही न बोलता दोरा उसवला आणि दाभण त्याच्या हातात परत दिली. त्यानं ती रांग पुन्हा घातली.

हा मुलगा आणि या मुली पेशानं कारागीर नाहीत. ते कॉलेजचे विद्यार्थी आहेत. बांधणी करणारी मुलगी परिचारिका होण्यासाठी शिकते आहे. बेरिया कॉलेज १८९२पासून विद्यार्थ्यांकडून शिकवणीचं शुल्क घेत नाही. प्रवेश मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांना, विशेषतः ॲपलाचिया डोंगररांगेतल्या खेड्यांतल्या मुलांना मिळतो. शुल्काचा भार देणग्यांतून साठलेली गंगाजळी उचलते. मात्र आठवड्याला किमान दहा तास काम प्रत्येकाला करावंच लागतं, त्याचे थोडे पैसे मिळतात आणि कामाचं मूल्यमापन अभ्यासाप्रमाणेच नोंदलं जातं. कुणी कॉलेजच्या शेतावर, कुणी ग्रंथालयात, कुणी संगणक दुरुस्तीत, कुणी स्वच्छतेवर. झाडूची कार्यशाळा १९२० सालची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली ती त्याच्या आदल्या वर्षी. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण श्रम करून शिकणाऱ्या मुलाला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही, हे दोन्हीकडे उमगलं होतं.

साताऱ्याच्या वसतिगृहात कर्मवीरांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. बेरियातही प्रश्न पंगतीचाच होता. जॉन जी. फी हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक पाद्री. केंटकी हे गुलाम बाळगणारं राज्य, आणि तिथेच त्यानं १८५५मध्ये एका खोलीची शाळा काढली, तिचंच पुढे हे कॉलेज झालं. १८५९च्या डिसेंबरात हत्यारबंद जमावानं दिलेल्या धमकीमुळे त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना राज्य सोडावं लागलं. यादवी युद्ध संपल्यावर तो परत आला, आणि १८६६मध्ये शाळेच्या पटावर ९६ काळी आणि ९१ गोरी मुलं होती. देवानं पृथ्वीवरची सारी माणसं एकाच रक्ताची घडवली, या अर्थाचं बायबलमधलं वचन कॉलेजनं ब्रीद म्हणून घेतलं ते आजही आहे. 'काळ्यांच्या इतिहासाचा महिना' अमेरिकाभर पाळला जातो, त्याचा पाया घालणारे कार्टर वुडसन १९०३मध्ये इथूनच पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळानं काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवण्यावर बंदी घालणारा डे कायदा केला. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०८मध्ये हरलं. १९५०मध्ये कायदा बदलेपर्यंत काळ्या मुलांना बेरियाचं दार बंद राहिलं. कॉलेजच्या आवारात हिंडताना हा इतिहास जागोजागी भेटतो. काळ्या स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स २००४मध्ये इथे शिकवायला आल्या आणि २०२१मध्ये वारल्या तोवर या गावातच राहिल्या, हेही मला या इतिहासाचाच भाग वाटतं.

आता त्या शिकंज्याकडे पुन्हा पाहावं. आपल्याकडे शिंदीच्या पानांची केरसुणी वळणं पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या वाट्याला जन्मानं आलं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, एरवी चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, आणि ती वळणाऱ्या हातांना मात्र गावकुसाबाहेर ठेवायचं, असं आपण शतकानुशतकं केलं. बेरियात त्या दिवशी एका बाकाभोवती काम करणाऱ्यांत गोरा मुलगा होता, काळी मुलगी होती, परदेशातून आलेली एक विद्यार्थिनी होती. झाडू कुणी बांधायचा हे तिथे कुणाच्या जन्मावरून ठरत नाही. काम मोलाचं मानलं, पण ते ठरावीक लोकांनाच जखडून ठेवलं, तर तो मान खोटा असतो. मला बेरियाचं महत्त्व वाटतं ते यामुळे.

विणकामाचा विभाग जवळच आहे. त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. डोंगरातल्या घरांत बायका लोकर आणि सूत कातून पलंगावर घालायच्या जाड चादरी विणत. मुलांच्या शिक्षणापोटी रोख रक्कम नसे, तेव्हा आया अशा चादरी घेऊन यायच्या. कॉलेजचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी या चादरींना बाहेर गिऱ्हाईक मिळवून दिलं, आणि १९११मध्ये मूळच्या स्वीडनच्या ॲना अर्नबर्ग यांनी येऊन विणकामाची घडी बसवली. घरच्या लहान खोलीत मावेल असा छोटा मागही त्यांनी तयार केला. आज मागांवर विद्यार्थी पांघरुणं, पंचे, टेबलावरची आच्छादनं विणतात. ताणा भरणं हे त्यातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जबाबदारीचं काम. शेकडो धागे एकेक करून फणीतून ओवायचे. एक चुकला तर ती चूक कापडाच्या पूर्ण लांबीभर दिसत राहते.

मागांचा विषय निघाला की मराठी माणसानं इथे जरा थांबायला हवं. डी. सी. चर्चिल हे एमआयटीत शिकलेले यंत्रज्ञ. अमेरिकन मराठी मिशनमधून ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. तिथल्या साळी-कोष्ट्यांचा हातमाग गिरणीपुढे टिकत नव्हता. चर्चिलनी मागाची रचना सुधारून धोटा झरझर पळेल असा हातमाग बनवला, आणि चर्चिल माग या नावानं तो त्या काळच्या हातमागाच्या चर्चांत गाजला. पुढे ते अमेरिकेत परतून बेरियात आले आणि १९२२मध्ये पत्नी एलेनॉर यांच्यासह चर्चिल विव्हर्स हा हातमागाचा उद्योग सुरू केला. बाळांची मऊ पांघरुणं ही त्यांची खासियत. पंचाऐंशी वर्षं चालून हा कारखाना २००७मध्ये बंद पडला. तिथल्या कापडांचा मोठा संग्रह केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीनं घेतला, म्हणून निदान नमुने तरी वाचले. नगरमध्ये या मागावर हात चालवलेल्यांच्या घरी जुने फोटो, सुटे भाग, हिशेबाच्या वह्या अजून असतील, तर त्या कुणीतरी गोळा करायला हव्यात. या गोष्टीचा बेरियातला अर्धा भाग संग्रहालयात जपला गेला आहे. नगरचा अर्धा भाग जपणं आपल्याकडे आहे.

गावात पाहायला आणखीही आहे. बून टॅव्हर्न हे हॉटेल १९०९चं. एका उन्हाळ्यात फ्रॉस्ट यांच्या घरी जवळजवळ तीनशे पाहुणे उतरले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं अतिथिगृह बांधायचा आग्रह धरला. विटाही कॉलेजच्या भट्टीवर विद्यार्थ्यांनीच पाडलेल्या. तिथे जेवणात स्पूनब्रेड वाढतात. मक्याचं पीठ, दूध आणि अंडी यांचा हा मऊ पदार्थ चमच्यानंच खावा लागतो. जुन्या रेल्वे स्टेशनाभोवती कारागिरांची दुकानं आहेत, आणि हमरस्त्यालगत २००३मध्ये उघडलेलं केंटकी आर्टिसन सेंटर आहे, पण तिथे वस्तू दिसतात, काम क्वचितच. पाय चांगले असतील तर पिनॅकल्सच्या चढावर जरूर जा. कॉलेजच्या जंगलातली ही वाट उंच कड्यांवर नेते, आणि तिथून सपाट गवताळ केंटकी जिथे संपते आणि डोंगर जिथे सुरू होतात ती सीमा नजरेत येते. या कॉलेजला मुलं कुठून येतात ते त्या कड्यावरून कळतं.

अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क दाखवलं जातं. ते दाखवावंच. पण लेक्सिंग्टनच्या बाजूला जाणं झालं तर दक्षिणेला पासष्ट किलोमीटरवर असलेल्या बेरियासाठी एक दिवस काढावा. सुट्टीचा दिवस टाळा, कॉलेज चालू असेल तेव्हाच जा, कारण तिथे बघायचं आहे ते काम, आणि विद्यार्थी-कार्यशाळा पाहण्याची वेळ आधी विचारून घ्या. काम करणाऱ्याला प्रश्न विचारायचा असेल तर पाय थांबेपर्यंत थांबा. झाडू विकत घेतलात तर तो शोभेसाठी ठेवू नका, त्यानं घर झाडा. आणि झाडून झाल्यावर खुंटीला टांगा. जमिनीवर टेकवून उभा ठेवला तर ज्वारीच्या काड्या वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.