रक्तमिश्रित माती, साधी माती

गेवराई तालुक्यातील चकलांबा पोलीस ठाण्याची हद्द असो की महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही ठाण्याची, उघड्यावर घडलेल्या खुनाच्या पंचनाम्यात ‘रक्तमिश्रित माती’ आणि ‘साधी माती’ या दोन नोंदी बहुधा शेजारीशेजारी आढळतात. पहिली कशासाठी, हे सांगावे लागत नाही. डागापासून थोड्या अंतरावरून उचललेली दुसरी मात्र अनेकांना निरर्थक वाटते. वस्तुतः परीक्षणाची विश्वसनीयता तिच्यावरच उभी असते, कारण प्रयोगशाळेत दिसलेली प्रतिक्रिया रक्तामुळे आली की मातीतल्याच एखाद्या घटकामुळे, हे तिच्याशी तुलना केल्यावाचून ठरत नाही.

शरीराबाहेर पडलेले रक्त गोठून वाळू लागते, त्यातील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहणारे लोहयुक्त प्रथिन, हवेत मेथहिमोग्लोबिनमध्ये बदलते आणि लाल डाग तपकिरी, पुढे काळपट होतो. या रंगबदलावरून डागाचे वय काढण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत. परंतु ऊन, दमटपणा आणि कापडाचा पोत यांनुसार त्याचा वेग इतका बदलतो की न्यायालयात निःशंकपणे मांडता येईल अशी सर्वमान्य पद्धत अद्याप हाती आलेली नाही.

काळपट डाग रक्ताचाच असेल असेही नाही. म्हणून प्रथम कास्टल-मेयर चाचणी करतात : डागाचा अंश घेतलेल्या कागदावर किंवा कापसावर फिनॉल्फ्थॅलिनचे रंगहीन रूप आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की हिमोग्लोबिनमधील ‘हीम’ हा लोहयुक्त भाग त्यांच्यातील अभिक्रिया घडवतो आणि गुलाबी रंग उमटतो. मात्र मुळ्यातील वा बटाट्यातील विकरे आणि काही धातूंचे क्षारही हा रंग देऊ शकतात, त्यामुळे गंजलेल्या कोयत्यावर तो दिसला तर ‘रक्त असू शकते’ एवढेच म्हणता येते. खात्रीसाठी तकायामा चाचणी असते; जपानी संशोधकाने १९१२ मध्ये दिलेल्या या पद्धतीत पिरिडीनयुक्त द्रावणात डागाचे गुलाबी स्फटिक तयार होतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.

पुढचा प्रश्न रक्त माणसाचे की जनावराचे, हा आहे. शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या घरातील सुरीवर रक्त असण्याला अगदी निरुपद्रवी कारण असू शकते, म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात या प्रश्नाचे मोल फार मोठे आहे. जर्मनीत पाउल उलेनहुथ यांनी १९०१ मध्ये त्याचे उत्तर शोधले : माणसाच्या रक्तातील प्रथिने सशाला टोचली की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि तो रक्तरस डागाच्या अर्कात मिसळल्यावर साका बसला तर डाग मानवी ठरतो. कार्ल लँडश्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिल्यावर इटलीच्या लिओने लात्तेस यांनी १९१५ च्या सुमारास वाळलेल्या डागातूनही गट ओळखण्याची वाट मोकळी केली. या कथेत मुंबईचेही नाव आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या ‘बॉम्बे रक्तगटा’त ए, बी आणि एच हे तिन्ही प्रतिजन नसतात, अशा रक्ताचा डाग केवळ ए आणि बीसाठी तपासला तर तो चुकून ‘ओ’ ठरेल.

आज निर्णायक शब्द डीएनएचा असतो. माणसाच्या लाल पेशींत केंद्रक नसल्याने तो पांढऱ्या पेशींतून मिळवावा लागतो. डाग कोरडा राहिला तर हा रेणू वर्षानुवर्षे टिकतो, परंतु ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले की जिवाणू वाढतात आणि तो काही दिवसांत तुकडे होऊन निकामी होऊ शकतो. मातीतील ह्युमिक आम्लेही तपासणीत अडथळा आणतात. अहवालात ‘रक्तगट अनिर्णायक’ हे शब्द येतात तेव्हा दोष पुष्कळदा प्रयोगशाळेचा नसतो, मुद्देमाल हाताळणाऱ्यांचा असतो.

न्यायालयांनीही हे बारकावे जुन्या काळापासून ओळखले आहेत. मुंबई राज्यातून आलेल्या आणि १९५६ च्या निवाडासंग्रहात छापलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रासायनिक विश्लेषकाने प्रत्येक वस्तूवर डाग किती आणि केवढे, हे नोंदवले पाहिजे, कारण एक ठिपका आणि रक्ताने माखलेले वस्त्र यांचा अर्थ सारखा नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून, ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. तज्ज्ञ आला तरी पंचनाम्यावर सही गावातील माणसांचीच असते. म्हणून पंच म्हणून बोलावणे आलेल्या प्रत्येकाने कपडे सावलीत वाळवून कागदात बांधले का, साधी माती वेगळी घेतली का आणि लाखेचे सील आपल्यासमोर लागले का, हे पाहूनच सही करावी.