रेंजफाइंडर: अंतर ओळखणारा कॅमेरा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही. त्याला दृश्य दिसते ते लेन्सच्या वर, एका बाजूला बसवलेल्या वेगळ्या खिडकीतून. पाहण्याचा मार्ग निराळा आणि फिल्मवर प्रकाश पडण्याचा मार्ग निराळा, या एका गोष्टीतून या यंत्राचे जवळजवळ सगळे गुण आणि दोष निघतात. लेन्समधूनच आरशाच्या मदतीने दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात फोटो निघताना आरसा उचलला जातो आणि डोळ्यापुढे क्षणभर काळोख होतो. इथे असा उचलला जाणारा आरसाच नाही. त्यामुळे धक्का कमी, आवाज कमी, आणि ज्या क्षणाचा फोटो निघतो तो क्षण डोळ्यालाही दिसतो. उलट बाजू अशी, की लेन्सवर झाकण तसेच राहिले तरी खिडकीतले दृश्य लख्ख दिसते, आणि फोकस चुकला तरीही लख्खच दिसते. आपली चूक हा कॅमेरा दाखवत नाही. म्हणून अंतर, प्रकाश आणि चौकट या तिन्हींचा अंदाज कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच हातात असावा लागतो. या कॅमेऱ्याची खरी शिकवणी तीच आहे, आणि आजही तो वापरण्याजोगा ठरतो तो त्यामुळेच.

अंतर ओळखण्याची युक्ती भूमितीची आहे. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून काही सेंटिमीटरवर दोन खिडक्या असतात. मोठीतून मुख्य दृश्य येते. छोटीतून आलेली प्रतिमा फिरत्या आरशाने किंवा प्रिझमने वळवून त्याच दृश्याच्या मधोमध एका लहान पिवळसर ठिपक्यात टाकलेली असते. वस्तू फार दूर असेल तर दोन्ही खिडक्यांकडे येणारे किरण जवळपास समांतर असतात. वस्तू जवळ आली की त्यांच्यात कोन पडतो. दोन खिडक्यांमध्ये ६८ मिलिमीटर अंतर धरले, तर १ मीटरवरच्या वस्तूसाठी हा कोन सुमारे ४ अंश भरतो आणि १० मीटरवर अर्ध्या अंशाहूनही कमी. लेन्सची रिंग फिरवली की आत आरसा हलतो, ठिपक्यातली दुसरी प्रतिमा आडवी सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळतो. खिडक्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितके मोजमाप अचूक. सोव्हिएत ‘फेड-२’मध्ये हे अंतर ६७ मिलिमीटर आहे, तर ‘झॉर्की-४’मध्ये ३८ च्या आसपास.

हे यंत्र घडले जर्मनीत. वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्यात अंतर डोळ्याने अदमासावे लागे. १९३२ च्या ‘लायका २’मध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला, १९३६ च्या ‘कॉन्टॅक्स २’ने चौकट पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एक केली, १९५४ च्या ‘लायका एम३’मध्ये लेन्सप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या उजळ चौकटी आल्या. १९५९ साली ‘निकॉन एफ’ आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू एसएलआरकडे वळले. त्यानंतर रेंजफाइंडर टिकला तो मुख्यतः जपानच्या घरगुती कॅमेऱ्यांत.

भारताच्या छायाचित्रणाच्या इतिहासातली एक मोठी नोंद या यंत्रावर झाली आहे. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, गांधीजींचे फोटो घेतले आणि त्यानंतरची अंत्ययात्राही टिपली. त्यांच्या हातात लायका होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला त्याच काळात दिल्लीत काम करत होत्या. त्यांचे कॅमेरे मात्र रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक असे आकाराने मोठे होते. लायकाचे वेगळेपण या तुलनेत कळते: तो खिशात मावत होता आणि एका रोलवर ३६ फोटो देत होता.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या घरांत लायका सापडणे दुर्मीळ. कपाटाच्या वरच्या खणातून निघतो तो बहुधा आखातात नोकरीला गेलेल्या किंवा बोटीवर असलेल्या नातेवाइकाने आणलेला जपानी कॅमेरा. इथे एक सावधगिरी हवी. ‘याशिका एमएफ-२’ घरोघरी होता, पण तो रेंजफाइंडर नव्हे; त्याचा फोकस कायमचा ठरलेला आहे. ‘आग्फा क्लिक ३’ही नव्हे. ओळखायची खूण म्हणजे खिडकीतून पाहिल्यावर मधोमध दिसणारा ठिपका आणि रिंग फिरवल्यावर त्यात सरकणारी दुसरी प्रतिमा. या कसोटीला उतरणारे नेहमीचे कॅमेरे म्हणजे १९६६ पासूनचा ‘याशिका इलेक्ट्रो ३५’, ‘कॅनोनेट’, ‘मिनोल्टा हाय-मॅटिक’चे काही नमुने आणि सोव्हिएत झॉर्की व फेड. घरात नसेल तर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहे. जुने कॅमेरे विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने तिथे आजही आहेत, आणि कॅमेरा हातात घेऊन तपासता येणे ऑनलाइन खरेदीपेक्षा केव्हाही चांगले.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. मागचे झाकण उघडून, शटर उघडे धरून लेन्समधून आरपार मोबाइलचा दिवा पाहावा: कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. झाकणाच्या खाचांतला काळा फोम चिकट डांबरासारखा झाला असेल तर तो बदलावा लागेल. हे काम स्वस्त आहे, पण न केल्यास रोलवर प्रकाशाचे लाल-पिवळे पट्टे येतात. शटरचे मंद वेग ऐकावेत, कारण जुने वंगण घट्ट झाले की सगळ्यात आधी तेच अडकतात. झॉर्की किंवा फेड असेल तर लेन्स काढून कापडी पडद्यामागे दिवा धरावा. सुईच्या टोकाएवढी भोकेही चमकतात. ही भोके बहुतेक वेळा उन्हाची असतात. लेन्समागे आरसा नसल्यामुळे ती सूर्याकडे रोखली गेली की प्रकाश थेट पडद्यावर एकवटतो आणि कापड जळते. कोकणपट्टीच्या उन्हात झाकण लावून कॅमेरा गळ्यात अडकवणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि फोटोच्या वेळी ते झाकण काढायची आठवण ठेवणेही.

रेंजफाइंडर अचूक आहे का, हे पाहायला लेन्स अनंतावर ठेवून खूप दूरची वस्तू पाहावी. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी डोंबिवलीच्या बाजूने मलंगगडाचा सुळका दिसतो. तो ठिपक्यात एकच दिसला पाहिजे. दोन दिसले तर रेंजफाइंडरचा आरसा सरकलेला आहे. दुरुस्तीकाराला ते बसवून देता येते. ठिपका फिका पडला असेल, तर मोठ्या खिडकीच्या काचेवर बाहेरून, नेमका मधोमध, काळ्या चिकटपट्टीचा अगदी छोटा तुकडा लावावा. मागचे मुख्य दृश्य तेवढ्या जागी मंद होते आणि ठिपका उठून दिसतो.

फोकस जुळवण्याची सवय लागायला कोपर स्थानकासारखी जागा चांगली. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधल्या या स्थानकात खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि वरून, त्याला छेदत, दिवा–वसई मार्ग. त्याचे फलाट ‘अप्पर कोपर’ म्हणून ओळखले जातात. दोन पातळ्या, जिने, खांब, छतांच्या सावल्या आणि सतत बदलणारी अंतरे इथे एकत्र आहेत. ठिपक्यातली प्रतिमा आडवी सरकत असल्यामुळे तिला उभी रेघ लागते: विजेच्या तारांचा खांब, फलाटाच्या छताचा आधार, डब्याच्या दाराची कड. जिन्याच्या पायऱ्या किंवा वरच्या तारा आडव्या असल्यामुळे त्यांच्यावर फोकस समजत नाही. अशा वेळी कॅमेरा उभा धरून जुळवावे आणि मग पुन्हा आडवा करावा. खिडकीची लोखंडी जाळी फसवी, कारण एका गजाची प्रतिमा शेजारच्या गजावर बसते आणि अंतर जुळल्याचा भास होतो. माणसाचा फोटो घेताना चष्म्याची कड किंवा कानाची रेषा धरावी.

पण गर्दीत दर वेळी ठिपका जुळवत बसायला वेळ नसतो, आणि तिथे या कॅमेऱ्याची दुसरी पद्धत कामाला येते. लेन्सवर अंतराचे आणि प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे आकडे कोरलेले असतात. ४५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतर ५ मीटरवर लावले, की साधारण ३ मीटरपासून १२ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. एफ/१६ वर अंतर ४ मीटरच्या जरा पुढे ठेवले तर २ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत. मग फोकसकडे पाहायचेच नाही. विषय त्या पट्ट्यात आला की कळ दाबायची. याउलट संध्याकाळी छिद्र एफ/१.७ पर्यंत उघडले आणि माणूस १ मीटरवर असला, तर स्पष्टतेची खोली जेमतेम ५ सेंटिमीटर उरते. तिथे ठिपक्याला पर्याय नाही, आणि फोकस जुळल्यावर स्वतः पुढे-मागे झुकायचे नाही.

चौकटीच्या बाबतीत दोन मर्यादा मान्य कराव्या लागतात. खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी असल्याने जवळच्या वस्तूंची चौकट सरकते. चांगल्या नमुन्यांत चौकटीच्या उजळ रेषा फोकसबरोबर हलतात, साध्यांत नुसती खूण असते. आणि हे कॅमेरे साधारण ०.८ ते १ मीटरहून जवळ फोकसच होत नाहीत. फुलाचा किंवा दागिन्याचा जवळून फोटो हे त्यांचे काम नव्हे. मोबदल्यात चौकटीच्या बाहेरचेही थोडे दिसते. फलाटावर कोण चौकटीत शिरणार आहे, हे आधी कळते. रस्त्यावरच्या छायाचित्रणात या सोयीचे मोल फार मोठे आहे.

प्रकाशाचे गणित मीटरशिवायही जमते. भर उन्हात एफ/१६ ठेवून रोलच्या आयएसओ आकड्याइतका शटरवेग, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०, हा जुना नियम. ढगाळ दिवशी एफ/८, दाट आभाळ असताना एफ/५.६. रात्री फलाटाच्या दिव्यांखाली ४०० चा रोल, एफ/२ आणि १/६० किंवा १/३०. आरशाचा धक्का नसल्याने खांबाला टेकून १/३० हातात धरता येतो. शंका आली तर नेगेटिव्ह रोलला प्रकाश थोडा जास्तच द्यावा, कमी पडलेला सावल्यांत परत मिळत नाही. हालचालीचाही हिशेब हवा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १/६० सेकंदात २८ सेंटिमीटर सरकते, १/५०० मध्ये फक्त ३.३. स्थानकात व्यावसायिक चित्रणाला रेल्वेची परवानगी लागते, हे ध्यानात ठेवून फलाटाच्या कडेपासून मागेच उभे राहावे.

इलेक्ट्रो ३५ मध्ये छिद्र आपण ठरवायचे आणि शटरवेग कॅमेरा ठरवतो. पिवळा दिवा लागला तर वेग हातात धरण्याजोगा नाही, लाल लागला तर प्रकाश जास्त. बॅटरी संपली तर शटर १/५०० वरच चालते, म्हणजे उन्हात तरी अडत नाही. या पिढीच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. इलेक्ट्रोला ६ व्होल्टची छोटी बॅटरी अडॅप्टर लावून चालते. कॅनोनेटला १.३५ व्होल्ट लागतात. श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळणारी झिंक-एअर बॅटरी त्याच्या सगळ्यात जवळ जाते. झॉर्कीला बॅटरी लागत नाही, पण एक नियम कडक आहे: आधी फिल्म पुढे घ्यायची, मग शटरवेग बदलायचा. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

रोल सावलीत भरावा. पुढे घेताना डावीकडची गुंडाळण्याची मूठ उलटी फिरत असेल, तरच फिल्म सरकते आहे. न फिरल्यास ३६ फोटो वाया जातात. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल देशातच बनत असे. आता बहुतेक रोल परदेशी आणि महाग आहेत, त्यामुळे कळ दाबण्याआधी विचार होतो. रंगीत रोल ३७.८ अंशांवर धुतला जातो आणि ते काम लॅबकडे सोपवणे बरे. कृष्णधवल मात्र घरी धुता येतो. अडचण पाण्याची असते: डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश आणि मे महिन्यात टाकीतून येणारे पाणी तिशीच्या घरात. रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून उतरवावी, आणि पुढचे सर्व पाणीही त्याच तापमानाचे घ्यावे. अचानक फरक पडला तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. कोपरच्या पश्चिमेला खाडी आणि तिवरे, त्यात चार महिने पाऊस. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते, आणि जुनी झालेली बुरशी पुसल्यावरही काचेवर चरे सोडते. जुन्या चामड्याच्या कव्हरात कॅमेरा ठेवणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रघात आहे, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. वातानुकूलित लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. थंड काचेवर बाष्प जमते, आणि रेंजफाइंडरच्या आत ते जमले तर वाळायला वेळ लागतो. पिशवीतच १५ मिनिटे ठेवावा. एरवी तो डब्यात महिनोन्‌महिने पडू देऊ नये. पंधरवड्यातून एकदा बाहेर काढून सगळे शटरवेग चालवावेत, लेन्सची रिंग पूर्ण फिरवावी आणि मग शटर न चढवता परत ठेवावा.