मोफत आवृत्ती आणि विकतची आवृत्ती

कारखान्याच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर निवडावयाचे म्हटले, की डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तील लहान उद्योजकापुढे हल्ली एक चमत्कारिक गोष्ट येते. माल एकाच नावाचा, परंतु आवृत्त्या दोन. एक 'कम्युनिटी', तिला दाम नाही. दुसरी 'एंटरप्राइझ', तिला माणशी दरमहा पैसे. फुकट देतात त्या अर्थी ते टाकाऊ असणार, ही शंका लगेच मनात येते, आणि ती चुकीची आहे. जी शंका यावयास हवी ती मात्र बहुधा येत नाही. तिच्याकडे वळण्यापूर्वी पहिलीचे निरसन करू.

सॉफ्टवेअर म्हणजे अखेर माणसाने लिहिलेला मजकूर. त्याला सोर्स कोड म्हणतात. हा मजकूर कोणालाही वाचता यावा, बदलता यावा व बदलून इतरांना देता यावा, ह्या आग्रहाने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. इंग्रजीतील 'फ्री' ह्या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे त्यांना पुढे आयुष्यभर खुलासे करीत बसावे लागले. आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. कम्युनिटी आवृत्ती बहुधा मोफतही असते आणि मुक्तही असते. एंटरप्राइझ आवृत्ती म्हणजे तोच गाभा, त्यावर कंपनीने चढविलेले विकतचे भाग, आणि अडचण आली तर फोन उचलणारा माणूस. आपल्या लोकलमध्ये पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग एकाच मोटरमनच्या मागे, एकाच वेळी ठाण्याला पोहोचतात. गाभ्यापुरते तसेच हे आहे.

आता ती दुसरी शंका. मोफत कोठे संपते आणि विकत कोठे सुरू होते, ही रेघ कोण मारतो? आणि आपण आत शिरल्यावर ती सरकली तर?

रेघ मारण्याचीही एक रीत असू शकते. 'गिटलॅब' हे प्रोग्रामर मंडळींचे साधन २०११ साली युक्रेनमध्ये दिमित्री झापोरोझेट्स यांनी सुरू केले. पुढे त्या कंपनीने आपला नियम उघड लिहून ठेवला: जी सोय एकट्या काम करणाऱ्याला हवी ती मोफत, जी त्याच्या वरिष्ठाला हवी, तिला पैसे. हा नियम पटो वा न पटो, निदान आधी कळतो.

बेल्जियममधील 'ओडू'चे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१५ साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून तिच्या दोन वाटा झाल्या. आज मोफत वाटेवर विक्रीची बिले करता येतात. संपूर्ण हिशेबाचा भाग विकतच्या वाटेवर आहे. २०२० च्या चौदाव्या आवृत्तीत बँकेच्या नोंदींशी मेळ घालण्याची मोफत सोयही गेली. म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या डब्याचे दार अमुक स्थानकावर उघडणारच नाही, असे मध्येच ठरावे तसे झाले! मजकूर मुक्त असल्यामुळे स्वयंसेवकांनी त्या जागी आपले भाग लिहिले, पण दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि ते भाग पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. प्रोग्रामरला पगार द्यावाच लागतो; आणि जुन्या आवृत्तीतील सारा डेटा नवीत नेऊन देण्याचे जिकिरीचे काम विकतच्या वर्गणीत येते. मोफतवाल्याला ते स्वतः करावे किंवा करवून घ्यावे लागते.

ह्याहून वेगळा मार्ग आपल्या मुंबईतच आहे. ऋषभ मेहता यांच्या 'फ्रॅपे' ह्या कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे. त्याची वेगळी एंटरप्राइझ आवृत्ती नाही. बिल, साठा, उत्पादन, बँकेचा मेळ, ताळेबंद, सर्व त्यातच. मग कंपनी जगते कशावर? आपल्या सर्व्हरवर ते चालवून देण्याचे आणि मदतीचे पैसे ती घेते. सोयींना कुलूप नाही, सेवेला दाम आहे. मला स्वतःला हा व्यवहार अधिक सरळ वाटतो. परंतु 'फुकट' समजून तो कोणी उचलू नये. सर्व्हर, नवी आवृत्ती चढविणे, जी.एस.टी.चे बदलते नियम, ह्यासाठी जाणता माणूस लागतोच, मग तो पगारी असो की करारावरचा.

म्हणून निवड करताना सोयींची लांबलचक यादी वाचीत बसण्यापेक्षा आपल्याला कायद्याने काय लागते ते प्रथम लिहून काढावे. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना, हिशेबातील प्रत्येक फेरफाराची तारखेनिशी नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद न करता येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. भागीदारीला वा एकट्याच्या धंद्याला हा नियम नाही. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर ई-इन्व्हॉइसही आले. ह्या गोष्टी रेघेच्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहावे. विक्रेत्याच्या पत्रकातील उरलेल्या निम्म्या गोष्टींची दहा माणसांच्या कारखान्याला गरज पडत नाही.

आणखी एक काम एखाद्या रविवारी करून पाहावे. आपल्या डेटाचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवावा, आणि मागच्या ३१ मार्चचा ताळेबंद त्यातून निघतो का ते बघावे. मोफत आवृत्तीत हे काम आपले. विकतच्या आवृत्तीत ते कोणाचे, आणि वर्गणी थांबल्यावर आपला डेटा किती दिवसांत, कोणत्या रूपात हाती मिळेल, हे करारात लिहिलेले असते. सही करण्याच्या आधी ते पान वाचावे. ते बहुधा शेवटून दुसरे असते.