टोकन अकाउंटंटकडे, जबाबदारी तुमच्याकडे
संगणकावरची सही : लेखांक ५

लालबागच्या मिरची गल्लीतला मसालेवाला एकट्याच्या मालकीवर धंदा करत असेल, तर जीएसटीचं विवरणपत्र ओटीपीवर भरून मोकळा होतो. धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या फॉर्मसाठी संचालकाला डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, काढावंच लागतं. मंडपवाल्याला महाटेंडर्सवर निविदा भरायची असली तरी तेच. हे प्रमाणपत्र पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये मिळतं. आणि ते टोकन पुष्कळदा अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं, पिनच्या चिठ्ठीसकट!

सार्वजनिक आणि खासगी चाव्यांची जोडी आपण मागच्या लेखांकात पाहिली. खासगी चावी टोकनच्या आतच तयार होते, बाहेर काढता येत नाही. पण टोकन आणि पिन दोन्ही हाताशी असलेल्याला ती बाहेर काढायची गरजच काय? सही करून ठेवलेलं कोरं चेकबुकच त्याच्याकडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४२ नुसार खासगी चावी ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या हाती पडली, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच.

तेव्हा टोकन मागून घ्या आणि आपल्या संगणकाला लावा. त्याचा ड्रायव्हर टाकलेला असेल, तर विंडोजच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये ‘पर्सनल’ या कप्प्यात तुमचं नाव दिसेल. त्यावर दोनदा क्लिक करून तीन गोष्टी वहीत उतरवा : देणारी संस्था, अनुक्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख. टोकन हरवलं आणि प्रमाणपत्र रद्द करायची वेळ आली, की हीच नोंद उपयोगी पडते. टोकन काढल्यावरही नाव यादीत राहिलं तर घाबरू नका. ते नुसतं प्रमाणपत्र. चावी टोकनमध्येच आहे.

मग टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पिन बदला. तिथलं ‘इनिशिअलाइझ’ हे बटण मात्र दाबू नका; चावी कायमची पुसली जाते आणि प्रमाणपत्र नव्याने काढावं लागतं. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला, तरी टोकन लॉक होतं.

सहीची चावी गेली, तर नवी काढता येते; आधीच्या सह्या पुसल्या जात नाहीत. एन्क्रिप्शनच्या चावीचं तसं नाही. ती गेली, की तिच्यावर बंद केलेल्या फाइली उघडत नाहीत. म्हणून तिची मुदत संपली, तरी जुनं टोकन फेकू नये.

‘शेवटच्या तारखेला साहेब सापडत नाहीत,’ ही अकाउंटंटची तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय पिन देऊन टाकणं हा नव्हे. तारखा आधी ठरवा, टोकन घेऊन त्याच्याकडे जा, फॉर्म वाचा आणि पिन स्वतः टाका.

पुढच्या आठवड्यात : गावच्या सातबाऱ्यावरची डिजिटल सही संगणकावर कशी तपासायची?