खोक्यातलं विमान, आभाळात कोलांटी

दारात भलंमोठं लाकडी खोकं येऊन पडतं. उघडावं तर आत ॲल्युमिनियमचे पत्रे, पट्ट्या, नट-बोल्ट, पिशव्या भरभरून रिव्हेट आणि आराखड्यांचा गठ्ठा. हे सगळं जोडलं की काय तयार होतं? विमान! खेळण्यातलं नव्हे हं, चांगलं आत बसून उडवायचं.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन नावाचे इंजिनिअर आहेत. १९७१ साली त्यांचं आरव्ही-३ हे छोटं विमान उडालं. आरव्ही ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं! पुढे त्यांची कंपनी असे सुटे भाग विकू लागली, आणि आजवर जगभरच्या हौशी लोकांनी दहा हजारांहून जास्त आरव्ही विमानं जोडून उडवलीसुद्धा. (आपल्या मुंबईच्या अमोल यादव यांनी तर कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. तेही असं सुट्या भागांचं खोकं न आणता, स्वतःच्या आराखड्यावरून!)

जोडकाम मात्र किचकट. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे आणि भोकाभोकांत ‘क्लेको’ नावाच्या चिमुकल्या स्प्रिंगच्या खिळ्या अडकवायच्या, म्हणजे पत्रा हलत नाही. मग एकेक क्लेको काढून तिथे रिव्हेट बसवायची. एक जण पुढून हवेच्या हातोड्याने टर्रर्र ठोकतो, दुसरा मागून पोलादी ठोकळा दाबून धरतो. रिव्हेटचं शेपूट चेपून पसरलं की झाली पक्की. अशा हजारो! म्हणून घरातलं कुणी ना कुणी ठोकळा धरायला पकडलं जातंच.

आता खरी गंमत. अशाच आरव्ही-८ विमानांचा ताफा घेऊन ब्रिटनमधली ‘टीम रेव्हन’ कसरती करते. विमानं एकमेकांना अगदी खेटून उडतात, सगळी एकदम उलटी होतात, एकदम सुलटी होतात. तेव्हा वैमानिक कुठे बघत असतील? जमिनीकडे? समोरच्या तबकड्यांकडे? छे! पुढचा लीडर सोडला तर बाकीचे फक्त लीडरच्या विमानाकडे बघतात. त्याच्यावरच्या दोन खुणा आधी ठरलेल्या असतात. त्या एका रेषेत दिसल्या की आपली जागा बरोबर. रेष मोडली की समजायचं, आपण पुढे-मागे सरकलो. मग जमीन डोक्यावर येवो नाहीतर पायाखाली राहो, ते बघायचं काम लीडरचं.

लीडर बिचारा इंजिनाचा सगळा जोर कधीच लावत नाही. वळताना बाहेरच्या बाजूच्या विमानाला मोठं वर्तुळ कापावं लागतं, म्हणून त्याला जास्त वेग लागतो. लीडरच सुसाट सुटला तर बाकीचे त्याला गाठणार कसे?

आणि उलटं झाल्यावर पोटात कसं होत असेल? पाण्याची बादली गरगर फिरवून बघा (अंगणात बरं का, स्वयंपाकघरात नको). बादली पाण्याला सारखी आत वळवत राहते, त्याला सांडायला सवडच मिळत नाही. लूप, म्हणजे आभाळात उभी गोल कोलांटी, घेताना विमानाची खुर्ची वैमानिकाला तशीच वळवते. लूपमध्ये शिरताना तर अंगाचं वजन तीन-चार पट वाटतं. तुम्ही ३० किलोंचे असाल तर तिथे ९० ते १२० किलोंचे! बॉब हूव्हर नावाचे अमेरिकन वैमानिक विमान बॅरल रोलमध्ये (पिंपाच्या आतून गोल फिरावं तसं) फिरवता फिरवता एका हाताने ग्लासात चहा ओतायचे. थेंब सांडायचा नाही.

कसरत करताना विमानांच्या मागे पांढरा धूर सुटतो ना, तिथे काही जळत नसतं. इंजिनाच्या गरम एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धुराच्या नळीत, खास तेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिचं धुकं बनतं.

पण मला सगळ्यात आवडते ती या कसरतवाल्या वैमानिकांची जमिनीवरची तालीम. उडण्याआधी ही मोठी माणसं विमानांसारखी रचना करून मैदानात चालतात. लीडर हुकूम देतो, ‘धूर सोडा’ म्हणतो, आणि सगळे हात तिरके करत एकदम वळतात. हसू येतं खरं, पण चुकायचं असेल तर इथेच चुकलेलं बरं. इथे फार तर एकाचा खांदा दुसऱ्याला लागतो.